साखळी ओढायची मुभा

शनिवारी संध्याकाळी तिनं चौदा डिश भरल्या आणि रविवारी दुपारी त्यांतल्या पाच न वापरताच टाकून दिल्या. जेवताना हे ती सहज बोलून गेली. समोर बसलेल्या मामांचा घास हातातच राहिला.

“चौदातल्या पाच? न वापरता? अगं, आमच्याकडे शंभरात एक पार्ट रिजेक्ट झाला तरी संध्याकाळी मीटिंग लागायची.”

“तुमच्याकडे पार्ट होते, मामा.”

वादाला तोंड फुटलं ते इथे. मामा पीथमपूरच्या एका वाहन कारखान्यात असेंब्ली लाइनवर उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेले. कैझेन, कानबान हे शब्द त्यांच्या तोंडी वरणभातासारखे. भाची इंदुरातल्याच एका वंध्यत्व उपचार केंद्रात एम्ब्रिऑलॉजिस्ट, म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची गाठ काचेखाली घालून देणारी. ही मामा-भाची या लेखापुरती उभी केली आहेत, म्हणून त्यांना नावं नाहीत. त्यांच्या बोलण्यात येणारी सालं आणि जगजाहीर घटना मात्र खऱ्या आहेत. कारखान्यातली शिस्त प्रयोगशाळेत चालते का, हा प्रश्न तर त्याहून खरा.

मामांच्या शास्त्राचं नाव ‘लीन’. टोयोटाच्या ताइची ओनोंनी दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत घडवली. ‘लीन’ म्हणजे सडपातळ हे बारसं केलं 1988 साली जॉन क्राफसिक या अमेरिकी अभियंत्यानं. गाभा साधा आहे. गिऱ्हाईक ज्यासाठी पैसे मोजतं तेवढंच काम, बाकी सगळा ‘मुडा’, फुकट गेलेला खटाटोप. ओनोंनी त्याचे सात प्रकार केले: गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट पाहत बसणं, माल इकडून तिकडे हलवणं, नको तितकी प्रक्रिया, साठा, माणसाची वायफळ ये-जा आणि दोष. मुडाची दोन भावंडंही आहेत. कामाचा चढउतार तो ‘मुरा’, आणि माणसावर किंवा यंत्रावर न झेपणारा भार तो ‘मुरी’.

इंदूरकराला कचऱ्याचं तत्त्वज्ञान समजावायला वेळ लागत नाही. 2017 पासून स्वच्छतेच्या यादीत हे शहर वरून खाली उतरलेलं नाही. इथे शाळकरी पोरही ओला, सुका, प्लॅस्टिक वेगळं करून गाडीच्या सहा कप्प्यांत टाकतं, आणि ओल्या कचऱ्याचा बायो-सीएनजी करणारा रोजचा 550 टनांचा प्रकल्प 2022 पासून देवगुराडियाला उभा आहे. मामांचा तो हुकमी पत्ता. “नंबर कशानं आला? कचरा जिथे होतो तिथेच वेगळा केला म्हणून. जपानी लोक यालाच सेइरी म्हणतात. तुझ्या लॅबला दुसरं काय सांगतोय मी?”

“आणि भागीरथपुरा?”

मामा गप्प झाले. 2025 च्या डिसेंबरअखेर याच शहरातल्या भागीरथपुरात नळाच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि माणसं दगावली.

“नंबर वरच्या रस्त्याला मिळाला होता, मामा. पाणी खालच्या पाइपातून येत होतं. माझ्या लॅबमध्ये सगळं खालच्या पाइपासारखंच आहे. डोळ्यांना काही दिसत नाही.”

तिचं म्हणणं समजायचं तर एक डिश जवळून बघायला हवी. तळहातावर मावेल अशी प्लॅस्टिकची बशी. तिच्या तळाशी मीडियाचे, म्हणजे पोषक द्रवाचे थेंब, एकेक नेहमीच्या थेंबाच्या अर्ध्याएवढा. त्यांवर तेलाचा थर, म्हणजे पाणी उडून जात नाही. स्त्रीबीज मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं. ते या थेंबात राहणार. पण डिश भरली आणि बीज सोडलं असं चालत नाही. ती आदल्या संध्याकाळी इन्क्युबेटरमध्ये जाते. आत 37 अंश तापमान, पाच ते सहा टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि ऑक्सिजन फक्त पाच टक्के, कारण शरीराच्या आत बाहेरच्या हवेइतका ऑक्सिजन नसतोच. तेलाखालच्या थेंबात कार्बन डायऑक्साइड मुरायला काही तास लागतात. तो मुरला की मीडियाचा पीएच 7.2 ते 7.4 च्या मध्ये येऊन स्थिरावतो.

“उद्या पिकअपला, म्हणजे बीजं काढताना, किती निघतील हे सोनोग्राफीवरून अदमासानंच कळतं,” भाची म्हणाली. “आठ धरली तर कधी पाच निघतात, कधी बारा. बारा निघाली तर त्या घटकेला नवी डिश भरून उपयोग नाही, ती मुरलेली नसते. मग वरची चार बीजं ठेवू कुठे? म्हणून पाच डिश जास्तीच्या. तुमचं ‘लागेल तेव्हाच बनवा’ इथे चालत नाही.”

मामांनी पोळीचा तुकडा मोडला. “कबूल. हा सेफ्टी स्टॉक झाला. पण पाचच का? तीन का नाहीत? सात का नाहीत?”

तिला उत्तर देता येईना. मी आले तेव्हापासून पाचच भरतो, एवढंच ती म्हणाली.

“हे मात्र फुकट गेलं,” मामा म्हणाले. “डिश नाही. वर्षभर दर पिकअपचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा कागदावर मांडला असतास, तर किती जास्तीच्या लागतात ते त्यानंच सांगितलं असतं. कदाचित सात म्हटलं असतं. सातच भर मग! मी कमी कर म्हणतच नाहीये. का, ते ठाऊक असू दे.”

ही फेरी मामांची. लीनचं नाव काढलं की ‘कापाकापी’ डोळ्यांसमोर येते, आणि तिथेच बहुतेकांची गफलत होते. साठा किती ठेवायचा हे सवयीनं ठरवू नका, मोजून ठरवा, एवढंच ते शास्त्र सांगतं. उत्तर वाढवा असंही येऊ शकतं.

पुढची फेरी भाचीनं घेतली, आणि घेतली ती रागानं. मामांनी विचारलं होतं की तुमचा रिजेक्शन रेट किती.

“हा शब्द माझ्यापुढे वापरू नका. दहा बीजांतून पाचव्या दिवसापर्यंत तीन-चार भ्रूण पोचतात. उरलेले थांबतात. ते कुणाची चूक म्हणून नाही. बाईचं वय चाळिशीकडे गेलं की बीजांच्या गुणसूत्रांतच गोंधळ वाढत जातो. तुम्हाला वाईट पत्रा आला तर तुम्ही व्हेंडरला परत धाडायचात. मी कुणाला परत धाडू?”

कारखान्याचं शास्त्र आणि प्रयोगशाळा यांच्यातला खरा अडथळा हा. टोयोटात प्रत्येक फरक हा शत्रू. इथे प्रत्येक जोडपं वेगळं, आणि तो फरक गृहीतच धरायचा. पण म्हणून मोजमापच सोडून द्यायचं का? 2017 साली युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकारानं जगभरच्या तज्ज्ञांनी व्हिएन्नात बसून प्रयोगशाळेच्या हातातलं तेवढं वेगळं काढलं. इक्सीत, म्हणजे एकेक शुक्राणू सुईनं बीजात सोडण्याच्या पद्धतीत, किमान 65 टक्के बीजं नीट फळली पाहिजेत आणि ध्येय 80 टक्क्यांचं असावं. सुई टोचताना खराब होणारी बीजं दहा टक्क्यांपुढे जाऊ नयेत. बाळ होणं न होणं यात शंभर गोष्टी असतात. सुईचा हात हा एकच प्रश्न. मामांच्या भाषेत, पत्र्याचा दोष आणि वेल्डरचा दोष एका रकान्यात लिहायचा नाही. भाची ते आकडे दर महिन्याला काढते. भिंतीवर लावत नाही.

“का?”

“कोण कितीला आलं ते सगळ्यांना दिसेल म्हणून.”

“त्यासाठीच तर लावायचे!” मामा म्हणाले. पण यावर भाचीची काळजीही खोटी नाही. आकडा माणसाच्या नावानं लागला की माणूस आकडा सांभाळतो, अवघड केस दुसऱ्याकडे सरकवतो.

या वादाची दोन्ही टोकं इंग्लंडमधल्या एकाच गावाला जाऊन भिडतात. साकिची टोयोडा हे टोयोटाचे मूळपुरुष, आणि मूळचे माग बनवणारे. त्यांच्या 1924 च्या स्वयंचलित मागाची खुबी अशी की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. तुटक्या धाग्यानं वारभर वाईट कापड विणत बसायचा नाही. दोष दिसला की काम थांबवा, हे टोयोटाचं मूळ तत्त्व या मागातून आलं. त्याचे हक्क 1929 साली प्लॅट ब्रदर्स या कंपनीनं एक लाख पौंडांचा करार करून घेतले, आणि तो पैसा मोटारीच्या संशोधनाला लागला असं सांगतात. मुंबईच्या गिरण्यांना यंत्रं पुरवणारे हेच प्लॅट. त्यांचं गाव ओल्डहॅम. त्याच ओल्डहॅमच्या रुग्णालयात 25 जुलै 1978 ला लुईझ ब्राउन जन्मली, शरीराबाहेर फळलेल्या बीजाचं जगातलं पहिलं बाळ. योगायोगच, पण मामांना तो इतका आवडला की त्यांनी दोनदा सांगितला.

भाचीला ओल्डहॅमपेक्षा कोलकाता जवळचं. लुईझनंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, 3 ऑक्टोबर 1978 ला, डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नातून तिथे मुलगी झाली. भ्रूण गोठवून, वितळवून, मग गर्भाशयात सोडलेला. सरकारी समितीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, आणि 1981 साली त्यांनी आयुष्य संपवलं. “तुमचं स्टँडर्ड वर्क, ते ठरलेल्या पायऱ्यांनीच काम करणं, त्या काळी असतं तर मुखर्जींना कुणी भ्रूण गोठवू दिला असता? ही कला आहे, मामा. हाताची आणि हिमतीची.”

“आणि त्यांना न्याय कशानं मिळाला?” मामांनी विचारलं. मुंबईच्या केईएममध्ये 6 ऑगस्ट 1986 ला डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून बाळ जन्मलं, आणि देशातलं पहिलं म्हणून नोंदलं गेलं. पुढे याच आनंद कुमारांनी मुखर्जींची कागदपत्रं वाचली आणि 1997 साली जाहीर सांगितलं की पहिला मान माझा नव्हे, त्यांचा. “लिहून ठेवलेल्या नोंदींनी, बाळा. कला मुखर्जींबरोबर गेली असती. वह्या राहिल्या.”

भाचीनं हे मान्य केलं की नाही ते कळलं नाही. तिनं ताक मागितलं.

जेवण झालं. मामांनी जुन्या ‘नईदुनिया’च्या कोऱ्या कडेवर तिच्या लॅबचा नकाशा काढायला घेतला. इन्क्युबेटर कुठे, मायक्रोस्कोप कुठे, नायट्रोजनची टाकी कुठे. मग तिच्या बोलण्याबरोबर पेन्सिल फिरू लागली. सकाळी आत आल्यापासून पहिल्या बीजापर्यंत ती कुठे कुठे चालते? पेन्सिलीनं कागदावर शेवया सांडल्या. पिपेटच्या टिप्स एका खोलीत आणि तिचा मायक्रोस्कोप दुसरीत. दर रुग्णामागे दोन खेपा. दर खेपेला दार उघडणार, हवेचा दाब हलणार.

“हे उद्याच बदलते,” ती म्हणाली. एवढ्या पटकन ती दुसऱ्या कशालाच हो म्हणाली नव्हती.

‘एका वेळी एकच नग’ हे लीनचं लाडकं सूत्र तर तिच्या लॅबमध्ये आधीपासूनच आहे. टेबलावर एका वेळी एकाच जोडप्याचं काहीतरी असतं. ते उचलून, पुसून झाल्याशिवाय दुसऱ्याची डिश बाहेर येत नाही. मोठ्या कपाटासारख्या इन्क्युबेटरच्या जागी आता छोट्या कप्प्यांचे आलेत. एकाचं झाकण उघडलं तर बाकीच्यांची ऊब आणि वायू जात नाही. हे करताना ओनोंचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं.

मग विषय निघाला ‘बॅच’चा, आणि दोघंही सरसावून बसले.

लहान शहरांतल्या अनेक केंद्रांना पूर्णवेळ एम्ब्रिऑलॉजिस्ट परवडत नाही. मग मोठ्या शहरातला एकजण ठरावीक तारखांना येतो. त्या तारखांसाठी बायकांना आधीपासून गोळ्या देऊन त्यांची पाळी एका रेषेत आणली जाते, आणि दोन-चार दिवसांत सगळ्यांची बीजं काढली जातात. महिनाभर शांत असलेली लॅब एकदम यात्रेसारखी भरते.

“मुरा आणि मुरी, एकाच खोलीत,” मामा म्हणाले. “दिवसाला दहा पिकअप, माणूस एक. प्रत्येकी दहा म्हटली तरी शंभर बीजं. प्रत्येकाभोवतीच्या पेशी पिपेटनं सोलायच्या, प्रत्येकाला सुई टोचायची. शंभराव्या बीजापाशी हात तोच राहतो?”

“नाही राहत.”

“मग?”

“मग त्या गावातल्या बाईनं काय करायचं ते सांगा. दोन आठवडे रजा काढून इंदुरात खोली घ्यायची? नवऱ्याची रोजी बुडवायची? बॅचमुळे उपचार तिच्या घरापासून तासाभरावर आलाय. तुमच्या पद्धतीत तो मुडा असेल. तिच्यासाठी तेवढाच रस्ता आहे.”

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण मामांनी काढलंच. 1976 साली डॉ. जी. वेंकटस्वामींनी अकरा खाटांवर ते सुरू केलं. एका सर्जनला दोन टेबलं. एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया असंख्य, खर्च कमी, दर्जा उत्तम. भाचीनं ते तिथल्या तिथे कापलं. मोतीबिंदू आठवडाभर थांबतो. बीज थांबत नाही. बीजं पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन दिल्यापासून साधारण 36 तासांनी पिकअप. फार उशीर झाला तर बीजं आपोआप सुटतात आणि हाती लागत नाहीत. इक्सीनंतर 16 ते 18 तासांनी डिश पाहायची, बीजात दोन केंद्रकं दिसतात का ते. ती वेळ हुकली तर केंद्रकं विरतात, आणि बीज नीट फळलं होतं की नाही हे कधीच कळत नाही. घड्याळ भ्रूणाच्या हातात असतं.

“म्हणजे लाइनचा वेग गिऱ्हाईक ठरवतं,” मामा हसले. “हेच तर ओनो सांगत होते. मग ट्रिगर सगळ्यांना रात्री दहाला का देता? एकीला साडेनऊ, दुसरीला सव्वादहा, तिसरीला अकरा. परवा सकाळी रांगच लागणार नाही.”

हे तिचं केंद्र करतं. सगळीकडे होतं असं नाही. आणि बॅचचा प्रश्न त्यानं सुटत नाही, फक्त सैल होतो. लेखकाचं मत विचाराल तर बॅच बंद करा म्हणणाऱ्यानं आधी त्या बाईच्या बसच्या खेपा मोजाव्यात. पण एका एम्ब्रिऑलॉजिस्टनं दिवसाला किती पिकअप घ्यायचे याची मर्यादा लिहून ठेवायलाच हवी, आणि ती मर्यादा हिशोबनिसानं ठरवू नये. वैमानिकाच्या उड्डाणतासांना मर्यादा असते, मग यांच्या हाताला का नसावी?

उन्हं कलली तशी गोष्ट चुकांकडे वळली. 2002 साली इंग्लंडमधल्या लीड्सला एका जोडप्याला जुळी झाली, आणि मुलांचा वर्ण पाहून कळलं की शुक्राणू दुसऱ्याचे वापरले गेले. त्यानंतर प्रत्येक टप्प्यावर दुसऱ्या माणसानं पाहून सही करायची पद्धत कडक झाली. आपल्याकडे दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयात असंच घडलं. मुलींचा रक्तगट जुळेना म्हणून आईबापांनी शोध घेतला, आणि 2023 साली राष्ट्रीय ग्राहक आयोगानं दीड कोटींचा दंड केला.

“म्हणून आम्ही दोन सह्या घेतो. हा वेळ फुकटचा म्हणाल तर मी उठून जाईन.”

“फुकटचा नाही म्हणणार. पण दुसरी सही करणारी खरंच बघते?”

लीड्सची चौकशी करणाऱ्या ब्रायन टॉफ्ट यांनी नेमकं हेच हेरलं होतं. तेच काम रोज शंभरदा तपासणारा माणूस हळूहळू बघतो, पण त्याला दिसत नाही. जे असायला हवं तेच तो वाचतो. हा आळस नव्हे, मेंदूचा धर्म आहे. सह्या दोनाच्या तीन केल्यानं तो बदलत नाही. मामांच्या शास्त्रात याला ‘पोका-योके’ हा उतारा आहे: चूक करायला जागाच ठेवायची नाही. या उपायाचं आधीचं नाव ‘बाका-योके’, म्हणजे मूर्ख माणसाला पुरून उरणारी सोय. एका कामगार बाईला ते नाव लागलं, ती रडली, म्हणून शिगेओ शिंगोंनी ते बदललं. प्रयोगशाळेत तो उतारा आलाही आहे: डिशच्या बुडाला छोटी चिप, टेबलाखाली वाचक, दोन वेगळ्या जोडप्यांच्या चिपा एका टेबलावर आल्या की यंत्र ओरडतं. खर्चिक आहे. बिनखर्चाची एक युक्ती भाचीकडे होती. नाव झाकणावर लिहिलं तरी डिशच्या बुडावर लिहायचंच, कारण झाकणं बदलतात. मामांना मुंबईचे डबेवाले आठवले. त्यांची खूण डब्याच्या झाकणावर असते. पण तिथे झाकण बदललं तर फार तर भेंडीऐवजी कारलं पानात पडेल.

नायट्रोजनच्या टाकीवर मात्र दोघांचं एकमत झालं. उणे 196 अंशांना गोठवलेले भ्रूण कायद्यानं दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, आणि टाकीतला नायट्रोजन रोज थोडा थोडा उडत असतो. मार्च 2018 च्या पहिल्या शनिवार-रविवारी अमेरिकेत क्लीव्हलंडच्या रुग्णालयातली टाकी तापली आणि चार हजारांहून अधिक बीजं व भ्रूण गेले. घरी असलेल्या माणसाला कळवणारी दूरची घंटा बंद केलेली होती. त्याच 4 मार्चला सॅन फ्रान्सिस्कोतली आणखी एक टाकी बिघडली. आणि 2025 साली ब्रिस्बेनच्या मोनॅश आयव्हीएफनं जाहीर केलं की एका बाईच्या पोटी दुसऱ्याच जोडप्याचं बाळ वाढलं आणि जन्मलं. कळलं कसं? जन्म देणाऱ्या आईबापांनी आपले उरलेले भ्रूण दुसरीकडे हलवायला सांगितले, आणि शिलकीत एक जास्त निघाला.

“स्टॉक टॅली,” मामा पुटपुटले. “वाण्याच्या दुकानातसुद्धा दिवाळीला मोजदाद होते.”

भाचीला लीनची भीती मात्र वेगळ्याच कारणानं होती, आणि ती शेवटी बोलली. मॅनेजमेंटमधलं कुणी आलं, त्यानं हे सगळं ऐकलं, की पहिल्यांदा म्हणेल: दुपारी दोन ते चार ही पोरगी रिकामी बसते, हिची गरज काय? आजोबा गिरणीत होते. ‘सुधारणा’ म्हटलं की छाटणी येते हे या घराला सांगावं लागत नाही. इंदूरची हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली, आणि तिच्या कामगारांचा पैसा सुटायला 2023 चा नाताळ उजाडला.

“दुपारी दोन ते चार मी रिकामी नसते, मामा. दोन वाजता कुणाची बीजं अंदाजापेक्षा जास्त निघाली, टाकीची घंटा वाजली, सुई तुटली, तर त्यासाठी मी तिथे असते.”

मामांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाची गोष्ट सांगितली. तिथल्या मंडळींनी 2002 साली जपानला जाऊन ही पद्धत शिकून घेतली आणि नियम केला की धोका दिसला तर सफाई कामगारही काम थांबवू शकेल. टोयोटाच्या लाइनवर डोक्यावर दोरी असते. कुणीही ओढावी, अडचण तिथल्या तिथे सुटली नाही तर लाइन थांबते. “लीन म्हणजे ही दोरी. बाकी सगळं नंतर.”

“त्याच रुग्णालयात 2004 साली एका बाईला रंगद्रवाऐवजी जंतुनाशक टोचलं गेलं आणि ती वारली. दोन्ही द्रव दिसायला सारखे, पाण्यासारखे.”

“हो. आणि त्यांनी ते लपवलं नाही, जगाला सांगितलं.”

मग तिनं परवाची हकिगत सांगितली. एकाच सकाळी एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोन बायका. सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या शिकाऊ मुलीच्या ते लक्षात आलं. समोर मोठे डॉक्टर, घाईत. ती ‘थांबा’ म्हणाली, पण म्हणायला तिला अर्धं मिनिट लागलं. जन्मतारखा पुन्हा वाचल्या. सगळं बरोबर होतं. डॉक्टर काही बोलले नाहीत. नुसतं बघितलं.

“रेल्वेच्या डब्यात साखळीखाली दंडाची पाटी असते,” मामा म्हणाले. “तुझ्या लॅबमध्ये पाटी नाही. पण त्या बघण्यानं पोरीला दंड झालाच की नाही?”

रात्री भाचीनं एक कागद लिहून घेतला. टिप्सचं कपाट हलवणं, वर्षभराच्या पिकअपचा तक्ता, टाकीची मोजदाद. सर्वांत वर मात्र त्या शिकाऊ मुलीचं नाव, आणि पुढे: सोमवारी सगळ्यांसमोर आभार. रिकाम्या तासांबद्दल तिनं काहीच लिहिलं नाही, आणि मामांनीही आठवण करून दिली नाही.

इंदुरात किंवा आणखी कुठे उपचारासाठी फाइल काढायला जाल तेव्हा यशाची टक्केवारी तर विचारालच. त्याआधी दोन गोष्टी विचारा: माझ्या पिकअपच्या दिवशी लॅबमध्ये एका एम्ब्रिऑलॉजिस्टमागे किती पिकअप असतील, आणि रात्री दोनला टाकीची घंटा वाजली तर फोन कुणाचा वाजतो. उत्तर काउन्सेलरकडून नको. लॅबमध्ये काम करणाऱ्या माणसाला पाच मिनिटं बाहेर बोलवायला सांगा.